जड स्टेअरिंगची दुरुस्ती : खान्देशातील एका कारागिरीचा मागोवा

१९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या खान्देशात जळगाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर होते, तर धुळ्याला चाळीसगावहून येणारा केवळ एक फाटा लाभला. मात्र मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यातच एकमेकांना छेदत असल्याने मोटारवाहतुकीच्या काळात या शहराचे महत्त्व वाढले. स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके या रस्त्यांवर प्रामुख्याने कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी), उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर आणि महिंद्राची जीप याच गाड्या दिसत, आणि चाके वळवण्याचा भार इंजिनाच्या पंपावर सोपवणारे पॉवर स्टेअरिंग त्या काळी यांपैकी कोणत्याही गाडीत नसल्याने तो सारा भार चालकाच्या हातांवर पडे.

स्टेअरिंग जड होणे हा गाडीच्या वयाचा अटळ परिणाम मानला जातो, पण ते खरे नाही. बहुतेक वेळा त्यामागे वंगणाची हेळसांड असते. पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनमध्ये, निपल नावाच्या छोट्या तोंडातून, ग्रीस गनने ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागते. खान्देशातील काळ्या मातीची धूळ त्यात मिसळली की तेच ग्रीस घर्षण कमी करण्याऐवजी धातू झिजवू लागते, म्हणून जुने, मळलेले ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत गन मारणे आवश्यक ठरते.

दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यातच या कारागिरीचे खरे मोल होते. पुढची चाके जॅकवर उचलून स्टेअरिंग फिरवल्यावर ते हलके लागले, तर संशय टायरमधील कमी हवेवर किंवा बिघडलेल्या अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांच्या परस्पर कोनावर, जाई. तरीही ते जडच राहिले, तर चाकांकडे जाणारे दांडे सोडवून पुन्हा तपासले जाई, आणि तेव्हा हलके झाल्यास दोष किंगपिन किंवा सांध्यांत, न झाल्यास स्टेअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे स्टेअरिंगचे फिरणे दांड्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या गिअरच्या पेटीत, किंवा तिच्या वरच्या दांड्यात ठरे. फियाट आणि जीपच्या बॉक्समध्ये वंगण म्हणून ग्रीसऐवजी गिअर ऑईल असते. स्टेअरिंगचा ढिलेपणा, ज्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात, घालवण्यासाठी बॉक्सचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळणे ही फार जुनी चूक आहे, कारण त्यामुळे स्टेअरिंग जड होतेच, शिवाय आतले दातेही लवकर झिजतात. अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बॉक्सऐवजी रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारे लहान चक्र, असल्याने तिची तपासणी वेगळी असे.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे वजन कमी होते आणि तिच्यातही रॅक-पिनियन होते. पुढे बंदिस्त सांधे आणि पॉवर स्टेअरिंग सर्रास झाल्यावर मोटारींच्या नियमित ग्रीसिंगचे काम आटत गेले. किंगपिन मात्र ट्रकमध्ये आजही आहे, त्यामुळे किंगपिनभोवतीचे झिजलेले बुश, म्हणजे धातूच्या नळ्या, काढून नवे बसवणे आणि रीमर या भोक तासणाऱ्या हत्याराने ते अचूक मापाला आणणे हे काम अजून टिकून आहे.