हाडांतून हरवलेल्या म्हाताऱ्या

मातीतून माणसाचा सांगाडा निघाला की तपासणाऱ्याच्या नोंदीत पहिला रकाना असतो बाई की पुरुष हा. वयाचा रकाना त्याच्या खाली. हा क्रम जुना आहे आणि त्यामागे कारणही आहे. वय ओळखण्याचे ठोकताळे बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळे असतात. मात्र त्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली होती. वाढ पुरी झाली, की हाडावर उमटलेली बाईची किंवा पुरुषाची खूण मरेपर्यंत तशीच राहते, असं.

ही समजूत अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्राच्या संग्रहांतून पक्की झाली. क्लीव्हलंडमध्ये कार्ल हॅमन आणि नंतर टी. विन्गेट टॉड यांनी, सेंट लुइसमध्ये रॉबर्ट टेरी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शवविच्छेदनानंतरचे सांगाडे जपून ठेवले. बहुतेक गोरगरिबांचे, बेवारसांचे. पण लिंग आणि वय यांची नोंद असलेले. हॅमन-टॉड संग्रहात असे ३,०००हून अधिक सांगाडे आहेत. याच संग्रहाच्या आधारे विल्टन क्रॉगमन यांनी १९६२च्या ग्रंथात आकडे दिले: नुसत्या कटिबंधावरून, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांवरून, ९५ टक्के अचूक, नुसत्या कवटीवरून ९२ टक्के. न्यायवैद्यकाचे विद्यार्थी हे आकडे आजही थोड्याफार फरकाने पाठ करतात. पंचविशीतला प्रौढ आणि सत्तरीतला प्रौढ त्यात एकाच हिशेबात धरलेले आहेत.

१९६९ साली टी. डब्ल्यू. फेनिस यांनी सगळ्यात नावाजलेली पद्धत मांडली. ओटीपोटाच्या खाली, अगदी पुढे, दोन्ही बाजूंची हाडं जिथे एकमेकांना भिडतात ती जघनास्थी. ती हातात घेऊन पुढची बाजू समोर धरायची. बाईच्या हाडावर एक बारीक उंच कड तिरपी उतरत जाते आणि खालच्या आतल्या कोपऱ्यात हाडाचा छोटा त्रिकोण वेगळा काढते. त्याच्या खालच्या फाट्याची किनार आत वळलेली असते, आणि त्याच फाट्याची आतली कड धारदार. पुरुषात ती कड रुंद आणि सपाट. टेरी संग्रहावर या तीन खुणांनी ९५ टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर आली. पण विशीच्या आतल्या मुलीत ती तिरपी कड पुरती उमटलेलीच नसते. आणि १९८९ साली नॅन्सी लव्हेल यांनी हीच पद्धत पुन्हा तपासली तेव्हा अचूकता ८३ टक्क्यांवर आली. वयस्कांच्या हाडांत चुका जास्त होत्या.

त्याच्या कितीतरी आधी आकडेवारीनेच शंका उभी केली होती. केनेथ वाइस यांनी १९७२ साली दाखवलं, की प्राचीन दफनभूमींच्या अहवालांत पुरुष सुमारे १२ टक्क्यांनी जास्त भरतात. सगळीकडेच बाया कमी कशा? संशयास्पद हाड दिसलं की ते पुरुषाच्या खात्यात टाकायची सवय, हे त्यांचं उत्तर.

ही संशयास्पद हाडं कोणाची, हे फिलिप वॉकर यांनी शोधलं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचं सेंट ब्राइड्स चर्च २९ डिसेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. पुढच्या उत्खननात तळघरातल्या शवपेट्या सापडल्या. त्यांतल्या २००हून अधिकांवर नाव आणि वय कोरलेले पत्रे होते. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या या कवट्या वॉकर यांनी तपासल्या. तरुण पुरुषांच्या भुवयांवरचा उंचवटा बायकांसारखा सपाट, आणि उतारवयातल्या बायकांचा पुरुषांसारखा ठळक. म्हणजे कोवळे पुरुष बायकांत मोजले जात होते आणि म्हाताऱ्या बाया पुरुषांत.

याचा परिणाम मला फार गंभीर वाटतो. अशा मोजणीतून बायका तरुणपणीच मरत होत्या, बाळंतपणात जात होत्या, असं चित्र तयार होतं. बाळंतपणात बायका मरत होत्या हे खरंच. पण ज्या जगल्या, ज्यांनी नातवंडं पाहिली, त्यांना आपण म्हातारे पुरुष ठरवून टाकलं. त्यात मातीची भर. कॅलिफोर्नियातल्या ला पुरिसिमा मिशनच्या दफननोंदींत लहान मुलं आणि वृद्ध भरपूर आहेत, आणि त्याच दफनभूमीतून निघालेले सांगाडे मात्र बहुतेक तरुण प्रौढांचे. मुलांची कोवळी आणि वृद्धांची विरळ झालेली हाडं टिकलीच नव्हती.

कटिबंधाचं रहस्य २०१६ साली झ्युरिकच्या संशोधकांनी उलगडलं. त्यांनी २७५ व्यक्तींचे सीटी स्कॅन पाहिले. मुलीचा कटिबंध वयात येताना रुंदावू लागतो, पंचवीस-तिशीत बाळंतपणाला सर्वांत अनुकूल होतो, आणि चाळिशीच्या सुमारास पुन्हा अरुंद, पुरुषाच्या वळणावर जाऊ लागतो. यामागे संप्रेरकांचा चढउतार असावा, असं त्यांचं म्हणणं. ज्या हाडाला आपण सर्वांत भरवशाचं मानत होतो, तेही आयुष्यभर बदलतंच.

लहान मुलांच्या हाडांत तर ही खूण उमटलेलीच नसते. पुण्याजवळच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातली कितीतरी मुलं घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली सापडली. नुसतं हाड पाहून त्यांतली मुलगी कोण, हे सांगता येत नाही. २०१७पासून दाताच्या एनॅमलमधल्या प्रथिनाच्या तुकड्यांवरून लिंग ओळखता येऊ लागलं आहे. एनॅमल लहानपणीच तयार होतं आणि पुढे नव्याने घडत नाही, त्यामुळे वयाचा त्यावर काही परिणाम होत नाही. फक्त त्यासाठी दात लागतो. सगळे दात पडलेल्या म्हातारीच्या बाबतीत पुन्हा कटिबंधाकडेच वळावं लागतं, नाहीतर जुन्या हाडात डीएनए शिल्लक आहे का ते पाहावं लागतं.