द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरची ऑइल लाइन: कधी बदलावी, कशी बदलावी?

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंत परिसरात छोटा ट्रॅक्टर म्हणजे द्राक्षबागेतला ट्रॅक्टर. वेलींच्या दोन ओळींमधले अंतर साधारण आठ ते दहा फूट असते आणि वर तारांवर मांडव असतो. तिथे मोठा ट्रॅक्टर वळत नाही. त्यामुळे ब्लोअरने फवारणी करण्यापासून शेणखत वाहण्यापर्यंत सगळी कामे या छोट्या यंत्रावर येतात.

गोडी छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीचा धोका वाढतो आणि फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी हातभर लांबीची जुनी ऑइल नळी फुटली, तर ट्रॅक्टर उभा राहतो. चालक वेळीच थांबला नाही, तर इंजिनही जाते.

ऑइल लाइन म्हणजे काय?

इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून ऑइल पंप तेल ओढतो आणि दाबाने क्रँकशाफ्ट, बेअरिंग व वरच्या रॉकरपर्यंत पोहोचवतो. फिरणारा धातू आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवर घासत नाहीत. दाब गेला की हा थर तुटतो, बेअरिंग तापते आणि इंजिन जाम होते.

आजच्या बहुतेक इंजिनांत तेलाचे मार्ग ब्लॉकच्या आतच असतात. बाहेर एक-दोन नळ्याच दिसतात: दाबाच्या मीटरकडे किंवा सेन्सरकडे जाणारी, ऑइल कूलर असल्यास त्याच्याकडे जाणारी, आणि काही इंजिनांवर रॉकरकडे जाणारी तांब्याची किंवा लोखंडी बारीक नळी. लिफ्टच्या हायड्रॉलिकची नळी वेगळी. तिच्यात दाब खूप जास्त असतो, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

नळी खराब का होते?

उष्णता हे पहिले कारण. ब्लोअर चालवताना ट्रॅक्टर हळू चालतो, पण पीटीओसाठी इंजिन मात्र जोरात फिरत असते. त्यात रेडिएटरच्या जाळीत पाने आणि धूळ अडकली की इंजिन जास्त तापते. सततच्या उष्णतेने रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात.

दुसरे कारण कंपन. क्लिप सैल झालेली नळी ब्लॉकच्या कडेवर घासत राहते. तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन बहुधा जोडाजवळच तडकते.

तिसरे कारण फवारणीचे. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाने लोखंड गंजते. ब्लोअरचा फवारा इंजिनवर बसत असेल आणि ट्रॅक्टर धुतला जात नसेल, तर लोखंडी नळ्या आणि नट लवकर गंजतात.

गळती नेमकी कुठून?

नळी बदलण्याआधी तेल तिच्यातूनच गळते आहे का, हे पाहा. रॉकर कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा फिल्टरच्या रिंगमधून आलेले तेलही ओघळून नळीवर जमते. इंजिन थंड असताना तो भाग डिझेलने पुसून कोरडा करा, त्यावर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि इंजिन पाच मिनिटे कमी वेगाने चालवा. पावडर जिथे सर्वांत वर ओली होते, तिथून गळती सुरू होते.

नळी बोटांनी वाकवल्यावर भेगा उघडल्या, जोडाजवळ ती फुगलेली किंवा मऊ लागली, किंवा आतली तार दिसू लागली, तर थेंब पडत नसला तरी ती बदलावी.

कोणती नळी घ्यावी?

बागेत हाताशी असते ती फवारणीची किंवा डिझेलची नळी. ती क्लिप लावून बसवण्याचा मोह होतो. फवारणीच्या नळीत ऑइल लाइनपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो, मग ती का चालू नये? कारण ती थंड पाण्यासाठी बनवलेली असते. गरम इंजिनमधले ऑइल २ ते ४ किलो दाबाचेच असले, तरी त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. त्या उष्णतेत प्लास्टिक मऊ पडते आणि नळी क्लिपमधून निसटते.

जुनी नळी नमुना म्हणून घेऊन हायड्रॉलिक होजच्या दुकानात जा. इंजिन ऑइलसाठी हवी आहे, हे स्पष्ट सांगा. आतला व्यास, जोडाचे आटे आणि लांबी जुन्याप्रमाणेच ठेवा. तापमानाची मर्यादा विचारून घ्या. दोन्ही टोके मशीनवर क्रिम्प करून घ्या. सोबत तांब्याचे नवे वायसरही घ्या.

बदलण्याची पद्धत

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन थंड होऊ द्या.

२. जोडाभोवतीची माती आधी ब्रशने आणि डिझेलने साफ करा. नट उघडल्यावर आत गेलेला मातीचा कण थेट बेअरिंगपर्यंत जातो.

३. खाली ट्रे ठेवा. नट सोडताना दोन पाने वापरा: एकाने ब्लॉकमधला जोड धरून ठेवा आणि दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला तर जोड पिळून तुटतो.

४. नवी नळी कापल्यामुळे आत राहिलेला रबराचा किंवा लोखंडाचा चुरा हवेने काढून टाका.

५. नळी हाताने बसवा. तिला पीळ पडू देऊ नका. जोडाजवळ लगेच वाकवू नका आणि थोडी सैल ठेवा, कारण दाबाखाली ती किंचित आखडते. सायलेन्सर व पंख्यापासून दूर ठेवून जुन्या जागीच क्लिप लावा.

६. वायसरवर बसणाऱ्या जोडांवर टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे तुकडे तेलाच्या बारीक वाटा बंद करतात.

७. डिपस्टिकवर तेल पाहून खुणेपर्यंत भरा. बॅटरी जोडा. स्टॉप नॉब ओढून धरा आणि ऑइल लाइट विझेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थांबा. मग नॉब सोडून इंजिन सुरू करा. काही सेकंदांत लाइट विझला नाही तर लगेच बंद करा.

८. दहा मिनिटांनी बंद करून जोड तपासा आणि तेलाची पातळी पुन्हा पाहा.

सांडलेले आणि जुने तेल डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्या. बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.

हायड्रॉलिक नळीबाबत सावधान

लिफ्टच्या नळीची गळती कधीही हात फिरवून शोधू नका. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. गळती पुठ्ठा धरून शोधा आणि काम करण्याआधी लिफ्ट खाली टेकवा.

फवारणीत लाइट लागला तर?

ओळ पूर्ण करण्याच्या नादात राहू नका. जागेवरच इंजिन बंद करा. दाबाची नळी फुटली असेल, तर छोट्या इंजिनमधले तेल काही मिनिटांतच बाहेर पडते. नळी आणि वायसर बदलण्याचा खर्च क्रँकशाफ्ट व बेअरिंगच्या कामापुढे किरकोळ असतो.

गोडी छाटणीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सगळ्या नळ्या एकदा वाकवून पाहा. क्रिम्प केलेली एक जादा नळी आणि दोन वायसर शेडमध्ये ठेवले, तर फवारणीच्या दिवशी दुकान उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.