क्वांटम प्रावस्था संक्रमण, चुंबकीय पदार्थांतील

केवल शून्य तापमानाला (−२७३.१५° से.) चुंबकीय क्षेत्र, दाब किंवा रासायनिक संघटन बदलल्यामुळे पदार्थाच्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत होणारा मूलभूत बदल. तो या राशींच्या ज्या मूल्याला घडतो त्यास क्वांटम क्रांतिक बिंदू म्हणतात.

नेहमीच्या संक्रमणात तापमान निर्णायक असते. मॅग्नेटाइट ५८०° से.च्या वर तापवले की त्यातील चुंबकीय परिबलांची सुसंगत मांडणी मोडते, निवताना ती पुन्हा येते. याचा दाखला पुणे जिल्ह्यात मिळतो: शिरूर व दौंड तालुक्यांतील काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यातील मॅग्नेटाइटवर्गीय खनिजांनी निवताना तेव्हाच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवली. दख्खनच्या कातळातील ही नोंद मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे व सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात अभ्यासली.

केवल शून्याजवळ औष्णिक हालचाल जवळजवळ थांबते. अनिश्चिततेच्या तत्त्वातून येणारे क्वांटम चढउतार मात्र राहतात आणि तेच हे संक्रमण घडवतात. लिथियम होल्मियम फ्लोराइडमध्ये होल्मियमची परिबले एकाच अक्षावर वर किंवा खाली रोखलेली असतात. १.५३ केल्विनखाली हा स्फटिक लोहचुंबकीय होतो. अक्षाला लंब क्षेत्र लावले असता ‘वर’ व ‘खाली’ या अवस्था एकमेकींत मिसळतात आणि सुमारे ५ टेस्लाला, म्हणजे भूचुंबकीय क्षेत्राच्या सुमारे लाख पटीला, लोहचुंबकत्व नाहीसे होते. बिटको, रोझेनबॉम व एप्ली यांनी १९९६मध्ये हे मोजून दाखवले.

क्षेत्र सुसंगती मोडते तशी घडवतेही. थॅलियम कॉपर क्लोराइडमध्ये तांब्याच्या आयनांच्या जोड्या एकमेकींचे चुंबकत्व रद्द करतात. ५ ते ६ टेस्लाच्या दरम्यान क्रांतिक क्षेत्र ओलांडताच चुंबकीय सुसंगती अवतरते. तिचे वर्णन बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणून करता येते. कोबाल्ट नायोबेटमध्ये सुमारे ५.५ टेस्लाच्या क्रांतिक क्षेत्रालगत पहिल्या दोन उत्तेजित अवस्थांच्या ऊर्जांचे गुणोत्तर १.६१८ या सुवर्ण गुणोत्तराजवळ येते, असे कोल्डिया व सहकाऱ्यांना २०१०मध्ये आढळले.

केवल शून्य प्रत्यक्षात गाठता येत नाही, तरी क्रांतिक बिंदूचा प्रभाव त्याच्या वरच्या तापमानांतही विशिष्ट उष्णता व चुंबकनशीलता यांच्या असाधारण वर्तनातून दिसतो. अशा प्रयोगांना हीलियम-३ व हीलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणारी शीतयंत्रे आणि अतिसंवाहक चुंबक लागतात. परिबलांची मांडणी न्यूट्रॉन प्रकीर्णनाने उलगडते. भारतात त्यासाठी तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीचे (१९८५) न्यूट्रॉन झोत वापरतात.