बॉम्बास्टमधला कापूस

आर्णीचा मुलूख कापसाचा. इथे उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना आम्ही इंग्रजी 'बॉम्बास्ट'पाशी अडलो. आज अर्थ भपकेबाज, पोकळ भाषा. पण सोळाव्या शतकात इंग्रज कपड्यांत भरायच्या कापसालाच बॉम्बास्ट म्हणत. मागे लॅटिन 'बोंबाक्स'. त्यात रेशमाचा ग्रीक 'बोंबुक्स' आणि कापसाचा जुना फारसी 'पंबक' मिसळले, असे अभ्यासक मानतात. तोच पंबक आपल्या उर्दूत 'पुंबा'. 'कॉटन' तर सरळ अरबी 'कुत्न'!

कापूस पिंजणाऱ्याला अरबीत हल्लाज म्हणतात. इ. स. ९२२ मध्ये बगदादला मृत्युदंड झालेले सूफी मन्सूर अल-हल्लाज याच नावाचे. म्हणून कितीतरी पिंजारी आडनाव मन्सूरी लावतात. वर्गात मात्र 'पिंजाऱ्याचा' ही चिडवण्याची गोष्ट. आम्ही फळ्यावर चारही शब्द लिहिले. चिडवला जाणारा मुलगा म्हणाला, "सर, अब्बांची धनुकली आणू?"