सुरक्षा परिषदेच्या मतांची कुळकथा

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या अस्थायी जागेसाठी देश आज अनेक वर्षं आधी उमेदवारी जाहीर करतात. या चढाओढीचं मूळ जिनिव्हाच्या राष्ट्रसंघात सापडतं. १९२६ साली जर्मनीला तिथल्या परिषदेत कायमची जागा मिळणार आणि आपल्याला नाही, म्हणून ब्राझीलने राष्ट्रसंघच सोडला.

आजच्या प्रचाराला जन्म दिला तो मात्र १९४५ च्या सनदेतल्या २३व्या कलमाने. मुदत दोन वर्षांची, आणि ती संपली की लगेच पुन्हा निवडून येण्याची सोय नाही. त्यामुळे दरवर्षी नवे उमेदवार उभे राहतात. वर दोन तृतीयांश मतांची अट आणि मतदान गुप्त. प्रतिनिधीला प्रादेशिक गटाचं अक्षर छापलेली मतपत्रिका मिळते. तिच्यावर हाताने देशाचं नाव लिहायचं. कोणी शब्द पाळला हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून लेखी आश्वासनं घेतली जातात, 'इथे तुम्ही आम्हाला, तिथे आम्ही तुम्हाला' असे सौदे ठरतात, आणि मुरलेले मुत्सद्दी त्यातली काही मतं आधीच वजा धरतात.

१९४६ साली लंडनच्या पहिल्या निवडणुकीत कॅनडाने ऑस्ट्रेलियासाठी माघार घेतली आणि प्रश्न मिटला. पुढे आशिया-आफ्रिकेतले नवस्वतंत्र देश आले. चिमुकल्या बेटाचं मतही महासत्तेच्या मताइतकंच, त्यामुळे दारोदार फिरणं आलं. १९७९ मध्ये क्युबा आणि कोलंबिया इतके अडून बसले, की १५४ फेऱ्यांनंतर, जानेवारी १९८० मध्ये, जागा मेक्सिकोला गेली.

भारताला हे शास्त्र १९९६ मध्ये कळलं, तेही जिव्हारी लागून. अणुचाचणीबंदी कराराला आपण त्याच वर्षी विरोध केला होता. निवडणुकीत समोर होता अनेक देशांना भरघोस मदत देणारा जपान. जपानला १४२ मतं, आपल्याला ४०. आपल्या परराष्ट्र खात्याला इतका उघड धडा क्वचितच मिळाला असेल, आणि तो त्याने मनापासून गिरवला. २०१० मध्ये कझाकस्तानने माघार घेतल्यावर भारताला १८७ मतं पडली. २०२० च्या आधी तर आशिया-प्रशांत गटातल्या ५५ देशांचा पाठिंबा वर्षभर अगोदरच पदरात होता. करोनामुळे प्रतिनिधी ठरवून दिलेल्या वेळी सभागृहात येऊन मत टाकून गेले. १९२ पैकी १८४ मतं भारताची होती.

२०२८-२९ च्या जागेसाठी भारताने डिसेंबर २०२२ मध्येच उमेदवारी जाहीर केली आहे.