मातेओ रिच्चीची स्मृतिकला आणि चिनी शब्दसंपादन

परभाषेतील शब्द चित्रांच्या साहाय्याने स्मरणात ठेवण्याची पद्धती आधुनिक मानसशास्त्राने प्रथम शोधली, असा समज आढळतो. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही. इटलीतील माचेराता येथे १५५२ मध्ये जन्मलेला जेझुइट धर्मप्रसारक मातेओ रिच्ची १५७८ मध्ये गोव्यास आला व १५८२ मध्ये मकाव येथे पोचून चिनी भाषेच्या अभ्यासास लागला. १५९५ मध्ये नानचांग येथील विद्वानांपुढे त्याने कोणताही क्रम नसलेली शेकडो चिनी अक्षरचिन्हे एकदा वाचून सुलट व उलट म्हणून दाखविली. पुढील वर्षी तेथील प्रांताधिपतीच्या मुलांसाठी त्याने स्मृतिकलेवर चिनी भाषेत एक पुस्तिका रचली.

तिची बैठक ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्रातील होती. मनात एक वास्तू कल्पावी, तिच्या ठराविक जागी ठसठशीत चित्रे मांडावीत व स्मरणसमयी तीतून क्रमाने फिरावे. रोमन वक्ता जेथे भाषणातील मुद्दे मांडी, तेथे रिच्चीने अक्षरचिन्हे मांडली. 'ली' म्हणजे लाभ; ह्या चिन्हात धान्य व सुरी हे घटक आहेत, म्हणून विळ्याने पीक कापणारा शेतकरी. 'हाओ' म्हणजे चांगले. त्यात स्त्री व मूल आहेत, म्हणून मुलास घेतलेली दासी. 'वू' म्हणजे युद्धविषयक. त्यात भाला व थांबणे आहेत, म्हणून एकमेकांशी झुंजणारे दोन योद्धे, त्यांपैकी एक दुसऱ्याचे मनगट धरून वार अडविणारा.

तथापि ही फोड म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. 'वू'मधील 'थांबणे' हा घटक मुळात पावलाचे चित्र आहे. स्मृतीस उपकारक ठरणारी फोड व ऐतिहासिक फोड ह्यांत गल्लत होता कामा नये.

दुसरी मर्यादा ध्वनीची होय. शेतकऱ्याच्या चित्रात 'ली' हा उच्चार कोठेच नाही. ही उणीव १९७५ मध्ये ॲटकिन्सन व रॉ ह्यांनी स्टॅनफर्ड येथे अभ्यासिलेल्या पद्धतीत भरून निघते. परक्या शब्दाशी उच्चारसाम्य असलेला स्वभाषेतील शब्द निवडावयाचा व त्याचे अर्थाशी चित्र जोडावयाचे. १२० रशियन शब्दांच्या चाचणीत ह्या पद्धतीने ७२ टक्के, तर स्वतःच्या मार्गाने शिकणाऱ्यांना ४६ टक्के शब्द आठवले. सहा आठवड्यांनंतर हे प्रमाण ४३ व २८ टक्के झाले. मात्र १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा शब्दांचे विस्मरण घोकलेल्या शब्दांहून वेगाने होते, असे दिसून आले.

प्रांताधिपतीच्या थोरल्या मुलाने पुस्तिका वाचून नियम खरे असल्याचे मान्य केले. पण ते वापरण्यास मुळातच उत्तम स्मरणशक्ती हवी, असा अभिप्राय दिला. तो मार्मिक आहे. नानचांगचा प्रयोग करण्यापूर्वी रिच्चीने सुमारे तेरा वर्षे चिनी भाषेचा अभ्यास केला होता, व अक्षरचिन्हांचे घटक त्यास परिचित होते. ज्याला घटक ओळखता येतात, त्यालाच त्यांचे चित्र करता येते. चित्र शब्दाला स्मृतीत जागा देते; तेथे त्याला टिकवून धरते ते वाचन व व्यवहारच.