उन्हाळ्याचे बिऱ्हाड

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती आणि भरतकाम यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, म्हणून मी इतिहासाकडे वळले आहे. सहलीची चर्चा निघाली म्हणजे तोरणमाळ, सापुतारा की महाबळेश्वर, असा वाद आपल्यात दरवर्षी होतो. उन्हाळ्यापुरते बिऱ्हाड डोंगरावर न्यायची ही चाल पडली कशी आणि जागा निवडणारे लोक काय पाहून निवडत, हे जाणून घ्यावे असे फार दिवस मनात होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दुपारची कामे उरकल्यावर पुस्तके वाचून जे समजले ते येथे देते.

महाबळेश्वर साहेबाने शोधून काढले असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते काही खरे नव्हे. कृष्णामाई जेथे उगम पावते त्या क्षेत्राला आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात होती. शिवाजी महाराजांनी १६६५ साली आपल्या मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती तेथेच. साहेबाने एवढेच केले की, देवाच्या डोंगरावर उन्हाळ्यात राहायला घर बांधता येईल हा विचार काढला. १८२४ साली जनरल लॉडविक साताऱ्याकडून वर चढून गेला आणि तेथील हवेची वाखाणणी त्याने वर्तमानपत्रातून केली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये तेथे गेला, आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन, वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा इंग्रजांकडे आली. नव्या वस्तीला माल्कमपेठ असे नाव पडले. वर जाण्याचा रस्ता महाराजांनी करवून दिला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

एवढी धडपड कशासाठी, तर आजारासाठी. गोरे शिपाई आणि त्यांची बायकामुले या देशातल्या तापाने पटापट दगावत. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात सापडले ते १८९७ साली. तोवर सारा दोष खालच्या दमट, कोंदट हवेला दिला जाई. तेव्हा उपाय एकच, उंच चढा. साडेचार हजार फुटांच्या आसपासची उंची म्हणजे त्यांना औषधाची बाटलीच वाटली असेल. कारण चुकीचे होते, तरी आजारी माणसाला थंडाव्यात बरे वाटे, हेही खरेच.

पण नुसत्या हवेवर संसार चालत नाही. हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते, मला मात्र तेच वाचत राहावेसे वाटले. मुंबईहून येणारी मंडळी गलबताने सावित्रीच्या खाडीत शिरत, तेथून महाडकडे, आणि मग मेण्यातून घाट चढत. माहेरी आठ दिवस जायचे तरी आमची दोन दिवस बांधाबांध चालते. येथे तर भांडीकुंडी, अंथरुणे, तान्ही मुले, सगळे माणसांच्या खांद्यावर. वर गेल्यावर भाजी कोठली? मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी तेथील तुरुंगात ठेवले होते; त्यांनी बटाटे आणि परदेशी भाज्या पिकवल्या. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला, पण भाजीचे मळे राहिले. पाण्याची सोय साताऱ्याच्याच महाराजांनी केली. वेण्णा तलाव १८४२ सालचा, आप्पासाहेब महाराजांच्या काळातला. आज त्यात नावा चालतात, म्हणून तो मौजेसाठी बांधला असे वाटते.

एवढे करून महाबळेश्वर उन्हाळ्यापुरतेच. पाऊस दोनशे इंचांवर! मृगाचा पाऊस लागला की मंडळी खाली उतरत आणि घरांना गवताच्या ताट्या बांधून ठेवत. मुंबई सरकारचेही तसेच होते: उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. म्हणून १८६० नंतर जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने अलीकडची पाचगणी पसंत केली. डोंगराच्या या अंगाला पाऊस पुष्कळ कमी, त्यामुळे बारा महिने राहता येते. या चेसनसाहेबाची एक गोष्ट मला आवडली. त्याने बंगल्यांसोबत शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले यांनाही बोलावून बाजारालगत जागा दिल्या. घरात बाईला काय लागते हे त्याला कोणी तरी सांगितलेले असावे!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तोरणमाळ पाचगणीहून थोडेच कमी उंच आहे. वर यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे, गोरखनाथाचे देऊळ आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. भिल्ल आणि पावरा बांधव तेथे पूर्वीपासून राहतात. मग तेथे माल्कमपेठ का झाली नाही? मला वाटते, राजधानी दूर आणि चढण बिकट. शहाद्याकडून जाणारा वळणावळणांचा घाट आजही भल्याभल्यांना घेरी आणतो. थंड हवा असून भागत नाही, साहेबाचे कागदपत्र आणि बाईचे दूध वेळेवर पोचले पाहिजे. तोरणमाळ आपल्यासारख्यांना राहिले, हे एका परीने बरेच झाले.

मात्र आपल्या भागातून दरवर्षी याहून मोठे बिऱ्हाड हलते, आणि ते डोंगरावरून खाली जाते. दिवाळी झाली की सुरत महामार्गावर विसरवाडीहून पुढे जाणारे ट्रक आपण पाहतोच: वर माणसे, चूल, पीठ, कोंबड्या, कडेवर मूल. ही मंडळी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. १९५० नंतर बारडोलीकडे सहकारी साखर कारखाने निघाले. १९७२ मध्ये तापीवरचे उकाई धरण झाले, त्याच्या पाण्याखाली आपल्या नवापूर भागातलीही जमीन गेली आणि कालव्यांनी तिकडचा ऊस वाढला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतलेली असते, आणि गाव मुकादम ठरवतो. वैशाखापर्यंत पडावावर राहायचे. मध्ये होळीला जमले तर घरी यायचे. आपल्याच मंडळातल्या काही भगिनी या दिवसांत सभेला दिसत नाहीत, त्या तेथे असतात.

त्यांच्यापैकी एकीला मी विचारले, जागा कशी पाहता? ती म्हणाली, "ताई, जागा आपन कुठं पाहतो. पन उचल घेण्याआधी मी मुकादमाला तीन गोष्टी विचारते. पानी किती लांब, पडाव रस्त्याला लागून आहे का, आनि आपल्या गावची किती घरं सोबत." पाणी, वाट, सोबत. लॉडविक-माल्कमच्या कागदांतही यापेक्षा फार वेगळे काही नसावे. फरक इतकाच की, त्यांना आवडले नाही तर दुसरा डोंगर पाहता येत होता.

मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहाची योजना काढलेली आहे. मूल गावीच राहावे, शाळा सुटू नये, जेवण मिळावे, हा तिचा हेतू. परंतु ज्या घरी म्हातारे माणूस नाही तेथील आई मुलीला मागे ठेवायला धजत नाही, आणि तिला दोष देववत नाही. या बाईची मुलगी आठवीत आहे. मागल्या दोन्ही हंगामांत ती धाकट्या भावाला सांभाळायला पडावावर गेली होती. यंदा भाऊ आईसोबत गेला, आणि मुलगी आजीजवळ राहिली आहे. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर गणिते सोडवायला येते. सातवीपर्यंतची मी सांगते, पुढची आम्ही दोघी मिळून पाहतो.